ह्यूमच्या तासाची वही: काम कुठवर आलं

अखेर जमिनीच्या हक्कांचा भाग सुरू झाला. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: डेव्हिड ह्यूम, म्हणजे तत्त्वज्ञ ह्यूमचा पुतण्या, १७८६ ते १८२२ एडिनबरा विद्यापीठात स्कॉट्स लॉ, म्हणजे स्कॉटलंडचा कायदा, शिकवायचा. हयातीत त्याने ही व्याख्यानं छापली नाहीत. स्कॉटलंडच्या कायद्याच्या इतिहासाचे ग्रंथ काढणाऱ्या स्टेअर सोसायटीने ती सहा खंडांत काढली तीसुद्धा १९३९ ते १९५८ मध्ये. मी स्कॅनवरून उतरवतोय ती या व्याख्यानांची एका विद्यार्थ्याची वही, आणि ती निनावी आहे.

अशी वही हाती आली की पहिला प्रश्न नेहमीचाच: वर्गात लिहिलेली, की घरी बसून साफ केलेली? वळणदार अक्षरावर माझी भिस्त नसते. मी चुका बघतो. कानाची चूक वेगळी, डोळ्याची वेगळी. इथे एका पानावर ‘सुपीरियर’ (ज्याच्याकडून जमीन धारण करायची तो वरचा धनी) हा शब्द येतो, दोन ओळींनी पुन्हा यायला हवा, पण मधला मजकूरच उडालाय आणि वाक्य लंगडं पडलंय. समोर कागद ठेवून उतरवताना नजर घसरली की असं होतं. गाळलेला मजकूर पोराने त्याच हाताने समासात भरलाय, म्हणजे नंतर ताडूनही पाहिलंय. हुशार गडी.

प्रती काढण्याची चालच होती. अ‍ॅडम स्मिथच्या ग्लासगोतल्या न्यायशास्त्राच्या व्याख्यानांची एक वही १७६६ सालची आहे, आणि स्मिथने ग्लासगो सोडलं १७६४ च्या जानेवारीत, म्हणजे ती वर्गात लिहिलेली नव्हेच! वॉल्टर स्कॉटने तर ह्यूमची व्याख्यानं स्वतःच्या हाताने दोनदा उतरवली.

सध्याची मेजवानी म्हणजे ‘सेझिन’, जमिनीचा ताबा देण्याचा विधी. खरेदीचा कागद झाला म्हणून जमीन तुमची होत नसे. जागेवर, साक्षीदारांसमोर ताबा द्यायचा, नोटरीने त्याचा दस्त करायचा आणि तो १६१७ पासून चालत आलेल्या नोंदवहीत चढवायचा. शेताला माती आणि दगड हातात द्यायचे. मासेमारीच्या हक्काला जाळं आणि होडी. पाणचक्कीला दाणे ओतायचं नरसाळं आणि ते हलवणारी पट्टी. जागेवर जाण्याची ही सक्ती १८४५ मध्ये गेली. आमचा निनावी पोरगा वकील झाला असेल, तर माती-दगडाचे असे दस्त त्याच्या हाताखालून नक्की गेले असणार.

लघुरूपांचा जाच मात्र आहे: स्वर गाळायचे, शेवटचं अक्षर वर टांगायचं. ‘मौजे’चं ‘मौ’ वाचणाऱ्या मोडीवाल्यांना हे जड जाऊ नये.

पुढे ‘वॉडसेट’, म्हणजे जमीन गहाण टाकण्याचा एक प्रकार. सावकाराच्या नावे जमीन करून द्यायची, पैसे फेडून परत घ्यायचा हक्क राखायचा. आपल्या मुदत खरेदीच्या जवळचंच. तिथली शाई फिकट तपकिरी झालीय आणि मागच्या पानाची पुढे उमटलीय. स्कॅनचा नुसता निळा चॅनेल काढून बघणार आहे. कुणी केलं असेल तर कॉन्ट्रास्ट किती ठेवलात तेवढं सांगा.