रोडकिंग अपडेट: वॉबल सापडलं एकदाचं, कोनसेटच्या खालच्या वाटीखाली

मंडळी, सापडलं. माझ्या येझदी रोडकिंगचं हँडल वेगात आपोआप डावी-उजवीकडं हलायचं, त्या वॉबलनं अडीच महिने माझी झोप उडवली होती, त्याचं मूळ काल संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर डोळ्यांनी बघितलं, आणि ते टायरमध्ये नव्हतं, रिममध्ये नव्हतं, चिमट्यातही (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) नव्हतं, ते होतं कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, त्याच्या खालच्या वाटीच्या (बाहेरच्या कडीच्या) खाली. मागच्या अपडेटमध्ये मी खात्रीनं लिहिलं होतं की पुढचा टायर बदलला आणि प्रश्न मिटला, ते चुकीचं होतं. माझं वाचून कुणी टायर घ्यायला निघालं असेल तर थांबा, आधी हे वाचा.

झालं असं की नवीन टायरवर ३०० किमी गाडी खरंच सरळ पळाली. मग बेळगावला गेलो, मागं टॉप बॉक्स, त्यात १२-१३ किलो सामान. जाताना काही नाही. येताना निपाणी सोडल्यावर कागलच्या अलीकडं जीपीएसवर ९० होतं, पुढं ट्रक दिसला म्हणून थ्रॉटल सोडला आणि ८५ ला हँडल डावी-उजवीकडं मारायला लागलं. आधी बोटभर, मग दोन-तीन सेकंदांत मनगटं फेकली जायला लागली आणि आरशात काहीच दिसेना. पुढच्या ब्रेकला हात लावला नाही, हँडल आवळलं नाही, टाकी गुडघ्यांनी दाबली, छाती टाकीवर टेकवली आणि वेग आपसूक उतरू दिला, ६० च्या खाली आल्यावर थांबलं. गाडी बाजूला लावून दहा मिनिटं नुसता बसून होतो. एवढं सविस्तर लिहितोय कारण त्या क्षणी हात आपोआप आवळले जातात आणि ब्रेक मारावासा वाटतो, आणि दोन्हीनं ते वाढतं. हात ढिले ठेवायची सवय लावून घ्या, अगदी रोजच्या चालवण्यातसुद्धा.

घरी आल्यावर परत पहिल्यापासून सगळं बघितलं, दोन्ही चाकांची हवा, पुढच्या रिमचा आऊट म्हणजे वाकडेपणा (१ मिमीच्या आत), चाकाची बेअरिंगं, दोरी बांधून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते, फोर्कचे पाइप काचेवर लोळवून वाकलेत का ते. सगळं ठीक. इथं मी जवळजवळ हार मानून स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचं हलणं दाबणारा) मागवायला निघालो होतो, कार्टमध्ये टाकलाही होता.

मग एक गोष्ट सुचली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आनंद तिचाच आहे. धाकट्या भावाचा अॅक्शन कॅमेरा लेगगार्डला क्लॅम्प करून पुढच्या मडगार्डकडं रोखला, सेकंदाला २४० फ्रेम लावल्या आणि रविवारी पहाटे साडेपाचला, पूर्ण गिअर घालून, मोकळ्या रस्त्यावर ८५ वरून थ्रॉटल सोडत तीन वेळा गाडी नेली. बॉक्स काढलेला होता त्यामुळं वॉबल हलकं होतं, पण होतं. घरी लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजलं. मडगार्ड डावीकडून उजवीकडं जाऊन परत डावीकडं यायला ३० ते ३१ फ्रेम, म्हणजे सेकंदाला साधारण ८ वेळा. आता टायरला खडूची खूण करून अंगणात एक फेरी लोळवला तर १ मीटर ९६ सेंमी भरला. ८५ ला गाडी सेकंदाला २३.६ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या १२ फेऱ्या. ६५ ला त्याच फेऱ्या ९ वर येतात. चाकात आऊट असता किंवा बॅलन्स बिघडलेला असता तर हलणं चाकाच्या फेऱ्यांबरोबर कमी झालं असतं. इथं ८५ ला पण ८ आणि ६५ ला पण ८!

म्हणजे चाक सुटलं यातून. वेग बदलला तरी न बदलणारं, सेकंदाला ४ ते १० च्या दरम्यानचं हे हलणं म्हणजे खरंखुरं वॉबल, पुढचं चाक, फोर्क, हँडल हे सगळं टीच्या (फोर्क धरणाऱ्या जोडाच्या) दांड्याभोवती हेलकावतं ते. मागचा भाग ढिला असला की होते ती वीव्ह, ती सावकाश असते, सेकंदाला दोन-तीनदा, आणि त्यात अख्खी गाडी नागमोडी जाते. मोटारसायकलच्या स्थिरतेचे अभ्यासक रॉबिन शार्प यांनी १९७१ च्या पेपरमध्ये गणित मांडून हे दोन्ही वेगळे असल्याचं दाखवलंय, आपण मात्र अजून सगळ्यालाच वॉबल म्हणतो आणि मग पुढच्या दुखण्यावर मागं औषध करत बसतो. मागं वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं, म्हणून माझ्या बॉक्सनं ते भडकलं, पण मूळ बॉक्स नव्हता.

मग राहिलं हेड, म्हणजे टीचा दांडा ज्यात फिरतो ती फ्रेमची पुढची नळी. मेन स्टँडवर गाडी, इंजिनखाली लाकूड, पुढचं चाक अधांतरी, फोर्कची खालची टोकं धरून मागं-पुढं ढकललं तर अगदी बारीक टक. कानाला नाही, तळहाताला कळणारी. पण कोनसेट तर मी फेब्रुवारीतच बदललेला, जुन्या गोळ्या काढून टेपर रोलर घातले होते! आवळला, टक गेली, वॉबल गेलं. ६० किमीनंतर दोन्ही परत हजर. टेपर बेअरिंग नीट बसलेलं असेल तर ६० किमीत ढिलं होत नाही, काहीतरी खाली बसत जातंय हे तिथंच डोक्यात चमकलं.

टी काढून खालच्या वाटीभोवती फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) फिरवला. एका बाजूला ०.०५ मिमीची पात जाईना, समोरच्या बाजूला ०.१० मिमीची सरळ आत. वाटी तिरकी बसली होती. लेथवाल्या मामांनी वाटी खेचून काढली, आतल्या बैठकीवर टॉर्च मारला आणि म्हणाले, “अरे, पावडर हाय की आत. वाटी टेकणार कुठं?” अर्ध्या गोलात लोखंड चकचकीत घासलेलं आणि उरलेल्या अर्ध्यात काळ्या पावडर कोटिंगचा थर, चिरडून कडेला सालीसारखा निघालेला. फ्रेम कोटिंगला देताना हेडच्या दोन्ही बैठका झाका असं मी सांगितलं होतं, त्यांनी फक्त आटे झाकले. पण वाटी ठोकायच्या आधी आत बोट फिरवून बघायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही. वाटी पावडरवर बसली, प्रत्येक खड्ड्यागणिक पावडर चिरडत गेली, बेअरिंग ढिलं होत गेलं. टायर बदलला तेव्हा मी योगायोगानं कोनसेटही आवळला होता, म्हणून ते ३०० किमी चांगले गेले!

दुरुस्तीला दीड तास लागला. पेंट रिमूव्हर, स्क्रॅपर, शेवटी ४०० चा सँडपेपर हातानं, ग्राइंडर अजिबात नाही. मामांनी खुणेची निळी शाई लावून वाटी सगळीकडं टेकते का ते बघितलं, पूर्ण गोल उमटला तेव्हाच वाटी आत. वाटी बसवायला १२ मिमीचा लांब स्टड आणि दोन पायरीच्या चकत्या त्यांनी तिथल्या तिथं करून दिल्या, तो सेट आता माझ्या पेटीत कायमचा. हातोडा-पंचनं कोनसेट बसवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे एकदा वापरून बघा. १९९६ ला येझदीचा मैसूरचा कारखाना बंद झाल्यापासून आपल्या फ्रेम मोजक्याच उरल्यात, हेडला ठोके देऊन त्या खराब करायला नकोत. आणि हुक स्पॅनर चांगल्या स्टीलचा घ्या, स्वस्तातल्याचं नाक माझ्यासमोर वाकलं.

सेटिंग करताना आधी घट्ट आवळून हँडल दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग सोडलं, मग हलकं परत आवळलं. वरचा नट कसला की प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) वाढतो, म्हणून तो कसल्यावर पुन्हा तपासलं. चाक अधांतरी ठेवून हँडल मध्यावरून बोटानं जरासं ढकललं की ते आपल्या वजनानं सावकाश बाजूला पडत जायला हवं, धाडकन पडलं तर ढिलं, मध्येच अडकलं तर घट्ट. काल रात्री नऊ वाजता ते ज्या संथपणे पडलं ते मी पाच-सहा वेळा नुसतं बघत बसलो.

आज सकाळी १४० किमी, ९५ पर्यंत, थ्रॉटल सोडून, सामानाशिवाय आणि मग बॉक्स लावूनही. हँडल गप्प. आल्यावर परत टक बघितली, नाही. डॅम्पर कार्टमधून काढला, तो लावला असता तर ढिलं बेअरिंग आणखी काही हजार किमी झाकून राहिलं असतं.

पण बॉक्स लावून ९५ ला आडवा वारा लागला तेव्हा मागून एक सावकाश डोलणं जाणवलं, अंदाजे सेकंदाला दोनदा. ही वीव्ह, म्हणजे आता चिमटा. त्याचे नायलॉनचे बुश मागवायचे असं लिहायलाच बसलो होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की मामांकडूनच गनमेटलचे बुश टर्न करून शाफ्टच्या मापाला रीम (भोक बारीक कापून नेमकं) करून घ्यावेत, आणि बॉक्सचा कॅरियर चार इंच पुढं, जमलं तर खाली घ्यावा. शनिवारी चिमटा उतरवतोय. यावेळी त्याच्या भोकात आधी बोट फिरवून बघणार, कोटिंग त्याच फेरीत झालं होतं. कॅमेरा भावाकडून महिनाभर मागून ठेवलाय. कुणी रोडकिंगचा कॅरियर पुढं सरकवला असेल तर सीटच्या मागच्या बोल्टपासून बॉक्सच्या मध्यापर्यंतचं माप कळवा.