आलं का?

१० ऑगस्ट २०२१, मंगळवार. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर रेडकार नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या छपरावर मी नवा अँटेना बसवत होतो. दुपारची वेळ होती. नट आवळायच्या आधी शेवटचं म्हणून सिग्नल मोजायचा मीटर पाहिला, तर सगळे आकडे एकदम खाली बसलेले. केबल निसटली असेल म्हणून काढून पुन्हा जोडली. आकडे तिथेच. एवढ्यात शेजारच्या घरातली बाई अंगणात आली, पाठोपाठ समोरचे गृहस्थ आले. दोघांनीही वर बघून एकच विचारलं, "तू काही केलंस का? आमचा टीव्ही गेला."

मी काहीच केलं नव्हतं. तिथून तीसेक किलोमीटरवर, नॉर्थ यॉर्क मूर्सच्या माळावर बिल्सडेलच्या मनोऱ्याला आग लागली होती.

हा मनोरा ३१४ मीटर उंच आणि १९६९ सालचा. टीसाइड, डरहमचा मोठा भाग आणि उत्तर यॉर्कशायर या सगळ्या मुलखाचा टीव्ही तिथून यायचा, शिवाय रेडिओही. त्या दिवशी लाखो घरांतले पडदे एका क्षणात काळे झाले. इकडे घरावरच्या साध्या अँटेनावर चाळीसच्या वर वाहिन्या फुकट दिसतात. डिजिटल असल्यामुळे एकाच लहरीवर अनेक वाहिन्या गुंफून पाठवता येतात. त्यामुळे डिश न लावलेली घरं इथे पुष्कळ आहेत, आणि त्यात म्हाताऱ्या माणसांची घरं जास्त. त्यांना इंटरनेट नको असतं, मोबाइलवर बातम्या बघवत नाहीत. टीव्ही हेच घरातलं दुसरं माणूस. त्यातून कोविडचं दीड वर्ष नुकतंच सरत होतं.

मी मूळचा बारामतीकडचा. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या दुकानात बसायला लागलो. पुढे बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, तिच्या मागोमाग आलो आणि फिरून त्याच धंद्यात पडलो. तेव्हापासून याच भागातल्या छपरांवर आहे. पण त्या ऑगस्टसारखा महिना मी पाहिलेला नाही. दिवसाला तीस-तीस फोन यायचे. बहुतेकांना एकच सांगावं लागे, "अँटेना ठीक आहे, टीव्ही ठीक आहे, कृपा करून रिट्यून करू नका." रिट्यून म्हणजे टीव्हीला वाहिन्या नव्याने शोधायला लावणं. सिग्नलच नसताना ते केलं की टीव्ही वाहिन्यांची जुनी यादी पुसतो आणि नव्या यादीत काहीच भरत नाही. पण माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. अर्ध्या लोकांनी आधीच बटण दाबलेलं असायचं.

मनोरा पडलेला नव्हता, पण आगीने इतका कमकुवत झाला होता की जवळ जायला बंदी होती. आमच्यातला सर्वांत जुना फिटर हे ऐकून नुसतं "एम्ली मूर" म्हणाला. मार्च १९६९ मध्ये यॉर्कशायरमधलाच एम्ली मूरचा मनोरा बर्फाच्या ओझ्याने कोसळला होता. तो काळ पाहिलेल्या माणसाला मनोरा पडतो म्हणजे काय होतं हे सांगावं लागत नाही.

मग पर्याय शोधणं सुरू झालं. ज्यांच्या छपरावरून उत्तरेचा पाँटॉप पाइकचा मनोरा पकडता येत होता, त्यांचे अँटेना आम्ही तिकडे फिरवले. ऑगस्ट संपता संपता मिडल्सब्रोजवळच्या एस्टन नॅब या टेकडीवर तात्पुरता छोटा मनोरा उभा राहिला आणि बऱ्याच घरांत चित्र परतलं. आता सगळ्यांना अँटेना नॅबकडे करून हवे होते.

एस्टनच्या एका आजींकडे मी दोनदा गेलो, तो याच दिवसांत.

एस्टन गाव टेकडीच्या अगदी पायथ्याशी, उत्तर अंगाला आहे. १८५० मध्ये या टेकड्यांत लोहखनिज सापडलं आणि त्यावर मिडल्सब्रोचं पोलाद उभं राहिलं. आजींचे यजमान पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चार वर्षांपूर्वी वारलेले. घर लहान, बैठं, आरशासारखं लखलखीत. बिल्सडेल दक्षिणेला आणि मध्ये ही टेकडी आडवी, म्हणजे घर कायमचं सावलीत. तिथल्या जुन्या अँटेनाला सुरुवातीपासून बूस्टर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारं यंत्र होतं. बूस्टरशिवाय त्या घरात कधीच चित्र आलेलं नव्हतं.

पहिल्या खेपेला नॅबचा मनोरा चालू झालेला नव्हता. मी अँटेना वायव्येला, पाँटॉप पाइककडे वळवला. त्या दिशेला उंच झाडांची रांग, पानं पावसाने भिजलेली. सिग्नल जेमतेम. म्हणून जुना बूस्टर काढून जास्त ताकदीचा नवा बसवला. बूस्टर वर खांबावर असतो, त्याला वीज खालून त्याच केबलमधून चढते. त्यासाठी टीव्हीमागे एक छोटी डबी सॉकेटला लावावी लागते, तीही नवी लावली. दोन-तीन वाहिन्या आल्या. चित्र मधूनच चौकोन-चौकोन होऊन फुटायचं, पण आजी म्हणाल्या, "नसण्यापेक्षा बरं, पेट." इकडच्या बायका कोणालाही मायेने 'पेट' म्हणतात. आपल्या 'बाळा'सारखं. पहिली काही वर्षं मला ते कानाला विचित्र लागायचं. आता कोणी म्हटलं नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

दुसरी खेप सप्टेंबरच्या सुरुवातीची. दिवसातलं शेवटचं घर, संध्याकाळचे साडेपाच. आता काम सोपं होतं. नॅब डोक्यावरच, घरापासून दीड-दोन किलोमीटर, मध्ये आडवं काही नाही. छपरावर चढलो, अँटेना टेकडीवर रोखला, खाली येऊन रिट्यूनला लावलं. शून्य वाहिन्या.

मीटर लावून पाहिला. सिग्नलच्या पातळीचा पट्टा काठोकाठ भरलेला, गुणवत्ता मात्र काहीच नाही. मला वाटलं, टेकडीच्या इतक्या खाली आहोत, लहरी उतारावर आणि घरांवर आपटून चहूकडून येत असतील, एकमेकींत मिसळून गोंधळ करत असतील. असं होतं कधीकधी. परत वर गेलो. अँटेना थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, तोंड वर उचलून, आडव्याचा उभा करून. दर वेळी खाली येऊन रिट्यूनला लावून पाहायचं. पट्टा भरलेला, पडदा काळा. असा तासभर गेला. आजी दोनदा चहाचं विचारून गेल्या. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने थोडंसं. टीव्ही त्या आवाज पूर्ण मोठा करून, खाली उमटणारी अक्षरं वाचत बघतात. तीन आठवड्यांपासून घरात धड आवाज नव्हता. "मला स्वतःच्याच चमच्याचा आवाज ऐकू यायला लागलाय," असं त्यांनी मला दारातच सांगितलं होतं.

साडेसहा वाजून गेले होते. खाली टीव्ही पुन्हा रिट्यूनला लावलेला, मी वर खांबाला धरून, आता आणखी काय करावं या विचारात. आणि खालच्या उघड्या खिडकीतून एकदम मोठा आवाज आला, माणसाचा, बातम्या वाचणाऱ्याचा. पाठोपाठ आजींचा, "आलं! आलं!"

मी अँटेनाला हातही लावला नव्हता.

शिडी उतरून आत गेलो. पडद्यावर स्थानिक बातम्या, चित्र काचेसारखं स्वच्छ. आजी खोलीच्या मधोमध व्हॅक्यूम क्लीनरची नळी हातात धरून उभ्या. माझ्या बुटांबरोबर छपरावरचं शेवाळ गालिच्यावर आलं होतं, ते ओढून घ्यायला त्यांनी मशीन लावलं होतं. आणि त्यासाठी टीव्हीमागचा एक प्लग काढला होता. "तू ठेवून गेलेली ती नवी डबी. मला वाटलं, मिनिटभर काढली तर चालेल."

डबी काढली म्हणजे बूस्टरची वीज गेली. आणि वीज गेल्याबरोबर चित्र आलं.

मी गालिच्यावरच बसलो. मला आठवलं ते १९८४. त्याआधी आमच्याकडे टीव्ही म्हणजे सिंहगड. १९७३ पासून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम सिंहगडावरून पुढे प्रक्षेपित व्हायचे. आमचं गाव लांब, त्यामुळे दर घरावर वीस-वीस फूट पाइप, वर काड्यांचा अँटेना आणि बूस्टर. अण्णा वर, मी दारात, आई टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या आहेत अजून!" "आता?" "गेलं! होतं तिथंच करा!" मग ८४ साली देशभर ठिकठिकाणी लहान ताकदीचे प्रक्षेपक उभे राहिले, आमच्याजवळही एक आला. सगळ्यांना वाटलं, आता चित्र आरशासारखं दिसणार. झालं उलटंच. चित्र वाकडं, काळ्याचं पांढरं, आवाजात घरघर. लोक दुकानावर येऊन अण्णांशी भांडायला लागले. अण्णांनी आठ दिवस एकच काम केलं. घरोघर जाऊन बूस्टर काढले. कानाशी तोंड नेऊन ओरडल्यावर काय कळणार, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

हेच इथे झालं होतं. मनोरा डोक्यावर, आणि मी तो लांबच्या मनोऱ्यासाठी लावलेला ताकदवान बूस्टर मध्ये तसाच ठेवलेला. आत येणारा सिग्नलच इतका जोरदार की बूस्टर तो पेलू शकत नव्हता. त्याने सगळ्या लहरी एकमेकींत कालवून टीव्हीकडे ढकलल्या. मीटरचा पट्टा भरलेला होता तो त्या कालव्याने. वीज बंद झाल्यावर तोच बूस्टर सिग्नलला उलट अडवायला लागला, आणि जे थोडंसं झिरपलं ते टीव्हीला अगदी हवं तेवढं होतं.

अण्णांना पडद्याकडे बघून रोग कळायचा. मुंग्या म्हणजे कमी पडतंय, चित्र वाकडं म्हणजे जास्त होतंय, दोन-दोन सावल्या म्हणजे डोंगरावरून उलटून येतंय. डिजिटलमध्ये ती सोय नाही. थोडीफार चूक टीव्ही आतल्या आत दुरुस्त करून घेतो आणि चित्र निर्मळ दाखवतो. दुरुस्तीच्या पलीकडे गेलं की थोडा वेळ चौकोन दिसतात, मग कड्यावरून पाय घसरावा तसं सगळंच जातं. कमी पडलं तरी काळा पडदा, जास्त झालं तरी तोच काळा पडदा, त्यावर तीच "सिग्नल नाही" ही ओळ. त्या तीन आठवड्यांत मी शेकडो घरांत सिग्नल कमी पडताना पाहिला होता. त्यामुळे इथे तो जास्त होत असेल हे मनातच आलं नाही. मीटर सांगत होता, मी वाचत नव्हतो.

आजींना म्हटलं, चूक माझी आहे, हा बूस्टर मीच लावला आणि तासभर तुम्हाला अंधारात मीच ठेवलं. त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "हवामान लागलंय, थांब जरा."

हवामान संपल्यावर वर गेलो. उजेड अजून होता. बूस्टर काढून मीटर थेट अँटेनाला लावला, तर सिग्नलची ताकद नव्वदच्या वर डेसिबल-मायक्रोव्होल्ट. टीव्हीला साधारण पंचेचाळीस ते पासष्ट पुरतात. केबलची दोन टोकं जोडली, खाली सिग्नल कमी करणारी बोटाच्या पेराएवढी नळी बसवली, साठाच्या जवळ आणला. ती डबी उचलून घेतली, नाहीतर पुढे कोणीतरी ती पुन्हा लावणार. रिट्यून केलं. या वेळी यादी भरत गेली, आणि आजी प्रत्येक वाहिनीचं नाव मोठ्याने वाचत गेल्या.

बूस्टर मी गाडीत टाकणार होतो, पण त्यांनी मागून घेतला. यजमानांच्या स्क्रू-खिळ्यांचा बिस्किटाचा डबा होता, त्यात ठेवला. "बिल्सडेल परत आलं तर लागेल ना?" त्यांचं बरोबर होतं, पण जुना बिल्सडेल परत येणार नव्हता. ६ ऑक्टोबरला तो सुरुंग लावून पाडला आणि त्याच महिन्यात माळावर ८० मीटरचा तात्पुरता मनोरा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना फोन केला. वय ऐंशीच्या पुढे, आता त्यांनाही कमीच ऐकू येतं, म्हणून सगळं सावकाश सांगितलं. टेकडी, बूस्टर, व्हॅक्यूम क्लीनर. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकूच आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "बूस्टर काढल्यावर वायरचा जोड उघडा नाही ना ठेवलास? तिकडं पाऊस फार असतो म्हणतोस."

"नाही अण्णा. टेप गुंडाळलाय. दोन पदर."

"खालून वर गुंडाळायचा," ते म्हणाले. "म्हणजे पाणी शिरत नाही."

"खालूनच वर गुंडाळलाय."