तुम्ही विचारलंत म्हणून : व्हिक्टोरियन पेटी अस्सल कशी ओळखावी?

माझ्याकडे जुन्या लाकडी पेट्या दुरुस्तीला येतात आणि त्यांच्यासोबत हा प्रश्न हमखास येतो: इंग्लंडमधून आणलेली ही शृंगारपेटी खरोखर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे का, आणि तिच्यातले सगळे मूळचेच आहे का? विचारणारे बहुधा लाकडाची झळाळी आणि पितळी पट्ट्या दाखवतात. मी मात्र पेटी उघडून आधी आतल्या काचेच्या बाटल्यांची चांदीची झाकणे पाहतो.

लाकडावरून साल सांगता येत नाही. रोझवुड, गाठाळ अक्रोड किंवा सिलोन आणि दक्षिण भारतातून जाणारे काळ्या-तपकिरी पट्ट्यांचे कोरोमंडल ही लाकडे अनेक दशके चलनात होती, आणि तीही बहुतेक वेळा साध्या लाकडाच्या सांगाड्यावर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याच्या रूपात.

चांदी मात्र स्वतःचा दाखला अंगावर बाळगते. लंडनला तपासलेल्या झाकणावर भिंगातून पाहिले की चालता सिंह दिसतो, म्हणजे चांदी ठरलेल्या शुद्धतेची. बिबट्याचे तोंड दिसते, म्हणजे तपासणी लंडनची. आणि दरवर्षी बदलणारे एक अक्षर दिसते, ज्यावरून साल निघते. सोबत राणीचा चेहरा असेल, तर चांदीवरचा कर भरलेला आहे. तो कर 1890 साली रद्द झाला आणि तो छापही गेला. पेटीत दहा-बारा झाकणे असतील तर ती सगळी पाहावीत, कारण नऊ झाकणांवर एक अक्षर आणि दहाव्यावर वीस वर्षांनंतरचे असेल, तर दहावी बाटली दुसऱ्या पेटीतून आली आहे असे समजावे. सिंहाचा छापच नसेल तर मुलाम्याची शंका घ्यावी. इंग्लंडमधले चांदीच्या मालाचे कारखानदार एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने चांदी चढवण्याचे पेटंट 1840 साली घेतल्यानंतर असा माल मुबलक झाला.

आपल्याकडच्या फणेरपेटीत आरसा, फणी आणि करंडा मावला की काम भागे. इथे मात्र सुतार, काच कापणारा, चांदीकार, मखमल लावणारा आणि कुलूपवाला अशा पाच कारागिरांचे काम मिलिमीटरात जुळावे लागते. मला यातला सर्वांत आवडता भाग खालचा दागिन्यांचा खण आहे. बंद पेटीत तो दिसतच नाही; झाकण उघडून आतल्या कडेवरची पितळी कळ दाबली की स्प्रिंगच्या जोराने तो बाहेर येतो. अडकला असेल तर सुरीने उचकटू नये, कारण बहुधा आतली स्प्रिंग गंजलेली असते आणि उचकटण्याने पुढचा पापुद्रा मात्र फुटतो.

कुलपावर ब्रामा हे नाव असले तर मालक खूश होतात, आणि ते रास्तच आहे: इंग्लिश कारागीर जोसेफ ब्रामा यांच्या 1784 सालच्या पेटंटचे हे कुलूप किल्लीशिवाय अखेर 1851 साली अमेरिकन कुलूपकार हॉब्ज यांनी उघडले, तेही 51 तास खपून. पण ते नाव कुलूपवाल्याचे असते, पेटी करणाऱ्याचे नव्हे. ॲस्प्रे किंवा ल्यूकर्स यांचे नाव सापडले, तरी ते पेटी विकणाऱ्या दुकानाचे असू शकते.

आता तुमचा पुढचा प्रश्न, घ्यावी का? फाटकी मखमल असलेली, पण सगळी झाकणे एकाच सालची असलेली पेटी मी डोळे मिटून घेईन. चकचकीत नवी मखमल दिसली, तर ती का बदलली हे विक्रेत्याला जरूर विचारावे. आणि घरी आणल्यावर झाकणे पावडरीने घासू नयेत. अतिघासणीने आधी ते छापच पुसट होतात.