जुन्या फियाटने बोरघाट चढताना

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. एक्स्प्रेसवे नव्हता तेव्हा उन्हाळ्यात खोपोलीच्या वर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसिडर हे नेहमीचंच दृश्य होतं. पुढे बंपरला पाण्याची छागल, म्हणजे कॅनव्हासची पिशवी, लटकवलेली असायची, प्यायला आणि रेडिएटरलाही. आजोबांची फियाट ११०० डिलाइट याच रस्त्यावर वाढली. यंदा एप्रिलमध्ये ती जुन्या रस्त्यानेच पुण्याला न्यायची, असं मी आणि दादाने ठरवलं. गाडीला त्रास होऊ नये यासाठी जे जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण अशा गाड्या रस्त्यावर धावत राहाव्यात असं मला फार वाटतं.

‘गाडी गरम झाली’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळी दुखणी असतात. एक पाण्याचं, दुसरं पेट्रोलचं. तापमानाचा काटा मधोमध असतानाही पेट्रोल पाइपात उकळू शकतं आणि गाडी बंद पडते.

पाण्याची तयारी मुंबईतच झाली. रेडिएटर उतरवून आतला गाळ काढून घेतला, होसपाइप आणि फॅनबेल्ट नवे टाकले आणि रेडिएटरच्या कॅपचा वायसर बदलला. हा वायसर दिसायला क्षुल्लक. पण एक पीएसआय (दाबाचं एकक) दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू दीड अंशाच्या आसपास वर जातो. उलट दर ३०० मीटर उंचीला तो साधारण एक अंशाने उतरतो. लोणावळा सव्वासहाशे मीटरवर, म्हणजे घाट आपल्याकडून जेमतेम दोन अंश घेतो. वायसर गेलेली कॅप त्याच्या कितीतरी पट घेते. आपल्याकडे बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकतात. आमच्याही गाडीचा काढलेला होता, तो आम्ही परत बसवला. इंजिन सतत थंड राहिलं तर पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं आणि आतले भाग झिजतात.

पहाटे चेंबूर सोडलं. पनवेल, चौक मागे टाकून ऊन चढायच्या आत खोपोली गाठली. माझ्या मते सगळ्या उपायांत लवकर निघणं हा सर्वांत मोठा उपाय.

चढाला लागलो आणि दादाने हँडगिअर (स्टिअरिंगजवळचा गिअरदांडा) दुसऱ्यात घातला तो वरपर्यंत तसाच ठेवला. तिसऱ्यात रेटत नेली तर इंजिनाचे फेरे कमी पडतात, पंखा आणि वॉटरपंप मंदावतात आणि नेमकं जोर लागतो तेव्हाच वारा-पाणी अपुरं होतं. पुढे ट्रक असला की आम्ही अंतर सोडत होतो, अर्ध्या क्लचवर लोंबकळत नव्हतो. कडेला दरी, वर राजमाचीचे डोंगर, आणि इंजिनाचा एकसारखा आवाज. हा घाट हळूच चढावा.

इंग्रजांना घाटाची वाट ज्याने दाखवली असं सांगतात, त्या धनगराची आठवण म्हणजे शिंग्रोबाचं देऊळ. तिथे नाणं वाहिल्याशिवाय जुने ड्रायव्हर पुढे जात नसत. आम्हीही थांबलो, पण इंजिन लगेच बंद केलं नाही. चढून आल्याबरोबर चावी फिरवली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, पण लोखंडातली उष्णता तिथेच राहते आणि वर कार्ब्युरेटरकडे (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), पेट्रोलच्या पंपाकडे चढते. म्हणून गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, बॉनेट उघडायचं, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायची आणि मगच बंद करायची. गरम रेडिएटरची कॅप कुणीही उघडू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर अजिबात ओतू नये, तडा जातो.

खंडाळ्याजवळ वाहनं तुंबली होती. पुढून वारा नाही, शेजारच्या ट्रकांची धग. काटा ठीक होता, तरी गाडी आचके देऊ लागली. कडेला घेऊन पाहिलं तर पेट्रोलच्या पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुडे. पेट्रोलचे हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप (मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणतात, एअर कंडिशनरशी त्याचा संबंध नाही) मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, ओढताना पाइपात दाब कमी होतो, त्यामुळे वाफ आणखी लवकर धरते. पंप मग वाफच दाबत बसतो. छागलीतलं पाणी घेऊन फडका भिजवला, पंपावर आणि पाइपावर गुंडाळला. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर पाणी जाऊ दिलं नाही. थोड्या वेळात गाडी सुरू झाली. बुडबुडे दिसले नसते तर ठिणगीसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सर तपासले असते, तेही तापले की अगदी असाच त्रास देतात. आणि गरम गाडी सुरू होत नसेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा दाबला तर प्लग आणखी भिजतात.

सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या गाड्यांचं काम वाढवलं आहे. जुनं रबर त्याने फुगतं, टाकीतला जुना मळ सुटून फिल्टरमध्ये येतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. आम्ही पंपाचा डायफ्राम आणि सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाकले, कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) किंचित मोठा केला. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो पेट्रोल ढकलतो, ओढत नाही, त्यामुळे वाफेचा प्रश्न बराचसा सुटतो हे खरं. मला मात्र मूळ पंप ठेवून पाइपावर उष्णतारोधक आवरण चढवणं जास्त आवडतं.

कामशेत, वडगाव, तळेगाव करत दुपारच्या आत पुण्यात पोचलो. हे पेट्रोल हवेतली ओल धरतं, म्हणून गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवतो. पुण्यात शिरताना पहिलं काम तेच केलं.