सप्टेंबरात ‘पार्क चालू आहे’ म्हणतात तेव्हा

पेंचची सफारी ठरवताना बुकिंग करणाऱ्या माणसाला मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, “कोअर ना?” म्हणजे जंगलाचा आतला गाभा. पलीकडून उत्तर आलं, “हो सर, तुरिया गेट. जिप्सी तुमच्या नावानं लावली.” (जिप्सी म्हणजे सफारीची उघडी जीप.) त्या भरवशावर पहाटे चारला नागपूर सोडलं, पावणेसहाला खवाशात चहा घेतला आणि मग हातात परवाना पडला. त्यावर बफर छापलेलं, म्हणजे कोअरच्या भोवतालचा पट्टा. कोअर बंद. तो बंदच असणार होता. १ जुलै ते ३० सप्टेंबर मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचं कोअर पर्यटकांना बंद असतं. आतले रस्ते मातीचे, पावसात गाड्या रुततात. हे मला माहीत होतं. पण “यंदा पाऊस कमी, म्हणून उघडलंय” हे त्या माणसानं इतक्या ठामपणे सांगितलं की मी पैसे पाठवून मोकळा झालो. अर्धे परत देतो म्हणाला, अजून आलेले नाहीत.

म्हणून पुढे जाणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगतो. पैसे टाकण्याआधी परवान्याचा फोटो मागवा. झोनचं नाव त्यावर छापलेलं असतं. “नंतर पाठवतो” म्हणाला की फोन ठेवा.

बफरची सफारी वाईट नव्हती, पण ती घ्यायला नागपूरहून मुद्दाम जाऊ नये. सप्टेंबरात गवत पुरुषभर उंच असतं आणि पाणी जागोजागी साचलेलं असतं, त्यामुळे जनावराला पाणवठ्यावर यायची गरजच उरत नाही. मे महिन्यात वाघ दिसतो तो पाणी दोन-चार ठिकाणीच उरतं म्हणून. आम्हाला चितळ, मोर आणि तीन तास हिरवी भिंत दिसली. आणि उकाडा! साडेआठलाच शर्ट पाठीला चिकटला होता.

तिथेच उभं राहून आम्ही तिघांनी बेत बदलला. आता आम्हाला वाघ नको होता, थंडावा हवा होता आणि गर्दी नको होती. मग हिशेब सरळ आहे: उंची बघा. हजार मीटर वर चढलं की साधारण सहा अंश कमी होतात. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर. पेंच, ताडोबा, नागझिरा हे सगळं आपल्याच पट्टीतलं, तिथे घरच्यापेक्षा वेगळी हवा मिळणार नाही. ताडोबा मे महिन्यात वाघासाठी करावा, सप्टेंबरात नाही. खरा थंडावा हवा तर नागपूरकराला गाडीनं एका दिवसात पोचता येतील अशा दोन जागा. एक चिखलदरा, मेळघाटच्या अंगाखांद्यावर, अकराशे मीटरच्या आसपास. दुसरी पचमढी, सातपुडा राष्ट्रीय उद्यानाला लागून, १०६७ मीटरवर. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्याला अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची रांग लागते. मधल्या वारी जाऊ शकत असाल तर चिखलदरा छान, नाहीतर सोडा. आम्ही पचमढी धरली. खवाशाहून सिवनी, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत संध्याकाळी पोचलो.

तारखेचं सांगतो, कारण पचमढीची गर्दी तारखेवर ठरते. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत तिथे नागद्वारीची यात्रा भरते, अर्धा विदर्भ तिथे असतो. तेव्हा फिरायला म्हणून जाऊ नका, यात्रेला म्हणून जा. १ ऑक्टोबरला कोअर उघडतं, दुसऱ्याच दिवशी गांधी जयंतीची सुटी, आणि मग दिवाळी संपेपर्यंत खोली मिळत नाही. पितृपक्ष सप्टेंबरात आला, तर या दोन्हींच्या मधला तो पंधरवडा रिकामा सापडतो. निघताना आईनं टोकलं, “पितरांच्या दिवसात कुठे निघाला?” सगळ्यांच्याच घरी असं टोकतात, म्हणूनच हॉटेलं रिकामी असतात. आमच्या हॉटेलात बारा खोल्या, राहणारे आम्ही तिघेच. रात्री पंखा बंद करून रजई घेतली.

आता जिप्सी. धूपगडचं शिखर, बी फॉलचा धबधबा ही ठिकाणं उद्यानाच्या हद्दीत येतात. सप्टेंबरातही ती चालू होती, पण तिथे स्वतःची गाडी नेता येत नाही. परवाना आणि जिप्सी घ्यावी लागते. परवान्याची खिडकी बायसन लॉजवर आहे (१८६२ साली कॅप्टन फोर्सिथनं बांधलेलं घर, आत छोटं संग्रहालय, अर्धा तास द्या). आमची चूक म्हणजे जिप्सी हॉटेलातून सांगितली. हॉटेलवाल्यानं “सगळे पॉइंट” म्हणून दिवसाचा भाव लावला आणि त्यात जटाशंकर, पांडव गुंफा, हांडी खोह, महादेव हेही धरले. तिथे आपली गाडी सरळ जाते! शिवाय खिडकीवर चौकशी केली तेव्हा कळलं की आम्ही आठशे रुपये जास्तीचे देऊन बसलोय. गर्दी नसताना भाव उतरायला हवा. तिथे उलटं होतं, गिऱ्हाईक एकच असेल तर सगळं त्याच्याकडूनच काढतात. सकाळी स्वतः बायसन लॉजवर जा, फक्त धूपगड आणि बी फॉलसाठी जिप्सी ठरवा, बाकी आपल्या गाडीनं फिरा. धूपगड, १३५० मीटर, सातपुड्याचं सगळ्यात उंच टोक. आम्ही गेलो तेव्हा ढगात होतं, दहा फुटांपलीकडे काही नाही. तरी जा. तो वारा अंगावर घेण्यासाठी जा.

पण हे सगळं लिहायला बसलो ते चौरागडसाठी, डोंगरमाथ्यावरच्या शंकराच्या देवळासाठी. महादेवाच्या गुहेपासून वर साडेतीन-चार किलोमीटर आणि तेराशेच्या आसपास पायऱ्या. महाशिवरात्रीला आपल्याकडची माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, म्हणून मला वाटलं अवघड ते काय असणार. मी रोज अंबाझरी तलावावर फेऱ्या मारतो, दम लागणार नव्हता आणि लागलाही नाही. चढाची अडचण नाहीच. अडचण आहे ओल्या पायऱ्यांवरून उतरण्याची, आणि ते आम्हाला कोणीही सांगितलं नाही. “पायऱ्या आहेत, लहान पोरंही जातात,” एवढंच ऐकलं होतं. महाशिवरात्रीला पायऱ्या कोरड्या असतात. सप्टेंबरात त्यांच्यावर शेवाळ असतं, काही ठिकाणी पायरीच्या मधोमध ओहोळ वाहतो, आणि झीज झालेल्या दगडांना पुढच्या बाजूला उतार आलेला आहे. वरून टाकलेलं पाऊल आपोआप पुढे सरकतं. वर देवळाजवळ त्रिशुळांची रास, पावसानं त्यांचा गंज धुऊन कातळावर तांबड्या रेघा ओढल्या होत्या. तिथपर्यंत सगळं सुंदर. तिथून खाली पहिल्या दोनशे पायऱ्यांत आमचा एक जण दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी कोपर सोलून रक्त आलं. कठडा धरायला गेलो तर तोही बुळबुळीत.

मागून डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी अनवाणी उतरत आली. आमच्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, “पैर आड़ा रखो बेटा, सीधा नहीं.” तिनं पाऊल पायरीला आडवं टाकून दाखवलं, मग दुसरं त्याच्या खाली, तेही आडवं. पाण्याचा ओहोळ वाहतो तिथे मधूनच चालायची, कारण तिथे वाहत्या पाण्याखाली शेवाळ कमी होतं. कोरडी दिसणारी कड मात्र ती टाळत होती. आम्ही तिच्या मागोमाग तसेच उतरलो. एकही जण पुन्हा घसरला नाही. वर जायला दीड तास लागला होता, उतरायला पावणेतीन.

खोल नक्षीच्या तळव्याचे बूट नसतील तर चौरागड करू नका. चपला, फ्लोटर, चालून गुळगुळीत झालेले स्पोर्ट शूज, काहीच चालणार नाही. काठी खालीच घ्या. सातच्या आत चढायला लागा, दुपारनंतर ढग उतरला की पायरीही दिसत नाही. हातात पिशवी ठेवू नका, माकडं झडप घालतात आणि त्या झटक्यानं तोल जातो. गुडघा दुखरा असेल तर महादेवाच्या गुहेत दर्शन घेऊन परत फिरा, वरचं कोरड्या दिवसात करा.

जटाशंकर, पांडव गुंफा, तलाव यांत दोन दिवस मजेत गेले, ते तुमचं तुम्ही कराल.

परतताना मटकुलीचा घाट उजेडात उतरा. आम्ही साडेचारला निघालो आणि तामियाच्या वळणांवर धुकं इतकं दाट झालं की एक जण काच खाली करून रस्त्याची पांढरी रेघ सांगत होता, दुसरा गाडी हाकत होता. तासाभराला वीस किलोमीटर. छिंदवाड्यात जेवलो, सिल्लेवानी घाट उतरलो, सौंसरच्या पुढे पुन्हा काच खाली केली आणि तीच चिकट, ओली, गरम हवा आत आली.