चिपी, मोपा की सांबरा?

कुडाळहून हैदराबादला विमानाने जायचं ठरलं की मोबाइलवर चार ठिकाणचे दर उघडून बसावं लागतं. चिपी, मोपा, दाबोळी आणि बेळगावचा सांबरा. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ धरला तर पाच. आमच्या लहानपणी विमान म्हणजे अंगणात सोलं वाळत घालताना डोक्यावरून जाणारा आवाज, एवढाच त्याचा आमच्याशी संबंध. मान वर करेपर्यंत ते निघून गेलेलं असायचं. आता घरातली शाळकरी मुलगी जेवता जेवता सांगते, ‘बाबा, मोप्याहून मंगळवारचं स्वस्त आहे.’

दिवाळीच्या सुट्टीत हैदराबाद, इतकं नक्की होतं. मुलीला सालारजंग संग्रहालय बघायचं होतं, मुलाला बिर्याणी खायची होती आणि बायकोला चार दिवस स्वतःच्या हातचं सोडून काहीही चालणार होतं. राहिला प्रश्न निघायचं कुठून.

सरळ उत्तर चिपी. सिंधुदुर्गचा हा विमानतळ परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, 9 ऑक्टोबर 2021 ला त्याचं उद्घाटन झालं आणि आमच्या घरून तिथे जायला पाऊण तास पुरे. पण इथे येतात ती सत्तरेक माणसांची पंख्याची विमानं, तीही मोजकी, आणि आज असलेली फेरी पुढच्या मोसमात असेलच असं नाही. 2016 च्या ‘उडान’ धोरणात तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागांसाठी अडीच हजारांची मर्यादा घातली होती, उरलेला तोटा तीन वर्षं अनुदानातून भरून निघायचा. अनुदान सरलं की अनेक फेऱ्या आटतात, हे देशभर झालं. जिथे दिवसाला एखादंच विमान आणि एखादीच कंपनी, तिथे दर कमी करायची घाई कुणाला असणार? मोप्याला तेच हैदराबाद दोन-तीन कंपन्या विकतात, म्हणून तिकीट खाली येतं. जवळचं महाग आणि लांबचं स्वस्त, यामागचं गणित इतकं साधं आहे. शिवाय विमानाच्या इंधनाला अजून जीएसटी नाही. प्रत्येक राज्याचा व्हॅट निराळा. हद्द ओलांडली की पेट्रोलचा भाव बदलतो हे गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्यातल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

मोपा तसा गोव्याचा, पेडणे तालुक्यातला. 11 डिसेंबर 2022 ला उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुटू लागली. पण नकाशा बघितला तर तो सावंतवाडीकरांसाठी बांधलाय असं वाटावं. पत्रादेवीचा नाका ओलांडला की आलाच. बांद्याच्या माणसाला तर तो पणजीकराहून जवळ. फक्त तिथून सुटणाऱ्या कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बस पणजी-मडगावच्या बाजूला तोंड करून उभ्या असतात. आपल्या बाजूला यायचं तर आपला माणूस आणि आपली गाडी हवी.

आणि इथेच सगळा हिशेब फिरतो. फोनवर दिसतो तो तिकिटाचा दर. कोकणातल्या माणसाच्या तिकिटात ‘पोचवणारा’ धरावा लागतो, आणि त्याचा रकाना कुठल्याही ॲपमध्ये नाही. विमान पहाटे साडेपाचचं असेल तर ते स्वस्त असतं, कारण त्या वेळी कुणालाच जायचं नसतं. घरून अडीचला निघायचं. अडीचला कुडाळात रिक्षा नाही, एसटी नाही, रेल्वेची वेळ जुळेल तर नशीब. मग भाच्याला फोन. भाचा येतो, हसत येतो, पैसेही घेत नाही, पण पुढच्या महिन्यात त्याच्या मेव्हणीच्या साखरपुड्याला तुम्हाला कणकवलीला जावंच लागतं. हा खर्च कुठे लिहायचा?

शेजारचे काका दर पाहून गप्प बसले नाहीत. म्हणाले, ‘तिकीट स्वस्त गावला ह्या खरा, पण थंय पोचतलंस कसो?’ मी म्हटलं, भाचा आहे. ‘आणि येताना?’ येतानाही भाचा. ‘म्हंजे भाच्याचा विमान म्हण,’ काकांनी निकाल दिला.

दाबोळी आम्ही लवकर बाद केला. पोर्तुगिजांच्या काळातला हा विमानतळ आज नौदलाच्या हंसा तळावर चालतो. मोपा झाल्यापासून तिथे जायचं म्हणजे मोप्याच्या वाटेवरूनच पुढे जाऊन पणजी, मग जुवारीचा पूल ओलांडून वास्कोची बाजू. मात्र तिकीट काढताना डोळे उघडे ठेवायला हवेत. फोनवर नुसतं ‘गोवा’ टाकलं की दोन्ही विमानतळ एकाच यादीत येतात. दाबोळीचा संकेत जीओआय, मोप्याचा जीओएक्स. शेवटच्या एका अक्षरावर अख्खा गोवा आडवा पडलेला आहे. जाताना एकीकडून आणि येताना दुसरीकडे, असं तिकीट हमखास स्वस्त दाखवतात. तुमची गाडी कुठल्या विमानतळाच्या वाहनतळावर उभी आहे ते त्या फोनला ठाऊक नसतं.

लांबचा विमानतळ शहराच्या नावावर खपवणं ही कला युरोपात तर फारच पुढे गेली आहे. स्वस्त विमान कंपन्यांचं आवडतं ‘फ्रँकफर्ट-हान’ हे फ्रँकफर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे. शीतयुद्धातला अमेरिकी हवाई तळ, 1993 मध्ये मोकळा झाला, मग तिथे प्रवासी विमानं उतरायला लागली. पॅरिसचा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरच्या पुढे. म्हणजे कुडाळचं तिकीट काढावं आणि उतरवून द्यावं बेळगावात. तिथली माणसं रांगेत उभी राहून बस पकडतात आणि दोन तासांनी शहरात शिरतात म्हणे आनंदाने. आपण मात्र दुसऱ्या टोकाचा प्रवास घरातूनच सुरू करणार, त्यामुळे डबा तरी सोबत असतो.

शेवटी मी बेळगावच्या बाजूने कौल दिला. दर मोप्याच्या आसपासच होता, थोडा खालीच. पण मला खरं म्हणजे वाट आवडते. सावंतवाडी सोडली की आंबोलीचा घाट. दिवाळीच्या सुमाराला पावसाचं पाणी अजून झऱ्यांत असतं आणि पावसाळ्यातली गर्दी मात्र ओसरलेली असते. वर गरम भजी, मग नागणवाडी, पाटणे फाटा, शिनोळी, आणि हळूहळू नारळ-पोफळी मागे पडून ऊस दिसायला लागतो. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते, आतली माणसं मात्र मराठीतच विचारतात, ‘काय पाहिजे?’ सांबरा हा दुसऱ्या महायुद्धातला, 1942 चा, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला विमानतळ. छोटा आहे. रांगा छोट्या, सुरक्षेच्या दारातून पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. येताना बेळगावातून कुंदा घेता येतो, हा फायदा बायकोने हिशेबाच्या वहीत पेनाने लिहिला. बाकीचे पेन्सिलने होते.

हाच बेत जुलैत कुणी सांगितला असता तर मी वहीच मिटली असती. पावसात घाट म्हणजे धुकं, दरडी आणि ‘वाहतूक वळवली आहे’. गगनबावड्याकडे जाणारा करूळ घाट दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होता तेव्हा उजळाईवाडीहून तिकीट काढलेल्यांचं काय झालं असेल कोण जाणे. आणि चिपी काय, मोपा काय, दोन्ही सड्यावरचे. आषाढात ढग खाली उतरले की कुणाचीच खात्री नाही. कोकणातल्या माणसाने विमानाचं तिकीट नवरात्र ते शिमगा एवढ्यातच काढावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातही एक खुबी आहे, जी शहरातल्या माणसाला सहसा मिळत नाही. आम्ही उलट्या दिशेचे प्रवासी. चतुर्थीला चाकरमानी कोकणात उतरतात तेव्हा मुंबईकडे परत जाणाऱ्या गाड्यांत पाय पसरून बसता येतं. नाताळात अर्धा देश गोव्याला येतो. त्याच दिवसांत गोव्याहून बाहेर जाणारी विमानं तितकी भरत नाहीत, आणि नववर्षाचा गोंधळ उरकून सगळे परत फिरतात तेव्हा आपण गोव्याकडे यायचं. सगळा लोंढा एका बाजूला जात असताना आपण दुसरीकडून निघालो की कंपन्यांचं ते भाव चढवणारं यंत्रही जरा गोंधळतं. पाहुणे घरी यायच्या दिवसांत घर सोडून जाणं आमच्याकडे शोभत नाही, एवढीच काय ती अडचण.

सामानाचा प्रश्न निराळा. बहुतेक स्वस्त तिकिटांत खाली टाकायला माणशी पंधरा किलो आणि हातात सात. हैदराबादच्या मावससासूबाईंसाठी कोकम, कुळथाचं पीठ, आमसुलं, सुके बांगडे आणि खोबऱ्याच्या वाट्या अशी यादी झाली होती. सुकं खोबरं विमानात चालत नाही हे ऐकून आईचा विश्वास बसेना. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकसुद्धा आहे, असं मी समजावून सांगितलं. जन्मभर माडीवर खोबरं वाळवणाऱ्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांगण्यासारखी नाही. सुके बांगडे मात्र आम्हीच वगळले. वासाने शेजारच्या प्रवाशाशी ओळख व्हावी अशी इच्छा नव्हती.

पलीकडच्या टोकालाही तीच कथा. हैदराबादचा बेगमपेठचा विमानतळ शहराच्या पोटात होता, तो 2008 मध्ये बंद झाला आणि सगळं शमशाबादला गेलं, शहराच्या मध्यापासून वीस-बावीस किलोमीटरच्या बाहेर. तिथून पुष्पक नावाच्या बस मिळतात, बऱ्या आहेत. एक तेवढं लक्षात ठेवायचं, की सर्वांत स्वस्त तिकीट नेमकं ज्या दिवशी पोचवतं तो शुक्रवार असू शकतो, आणि शुक्रवारी सालारजंगही बंद, चौमहल्ला राजवाडाही बंद. बायकोने हे आधीच पाहून ठेवलं होतं. दोनशे रुपये जास्त देऊन आम्ही बुधवार धरला.

निघण्याआधी आईने देवापुढे गाऱ्हाणं घातलं. त्यात वाट पूर्ण सांगावी लागते. आंबोलीचा घाट, बेळगाव, विमान, हैदराबाद, परत बेळगाव, परत घाट, सगळं झाल्यावर आम्ही मागून ‘व्हय महाराजा’ म्हणायचं. ऐकताना मलाच लक्षात आलं की केवढा वळसा घालून आपण सुट्टीला चाललोय. देवाने काही विचारलं नाही. आईने विचारलं, ‘आदी बेळगावाक जावचा नि मगे विमानात बसूचा?’

सहलीला लांबचा विमानतळ परवडतो, कारण सुट्टीत वेळ आपला असतो. चिपी हवा तो दुसऱ्या कामांसाठी. मुंबईच्या इस्पितळात तारीख मिळाली, मुलाची मुलाखत उद्यावर आली, कुणाच्या शेवटच्या दर्शनाला पोचायचंय, तेव्हा घाट चढत बसवत नाही. म्हणून तिथे विमान यावं, रोज यावं, अर्धं रिकामं असलं तरी यावं असं मला वाटतं, आणि हे म्हणताना मी स्वतः तिकीट सांबऱ्याचं काढतो याची मला जाणीव आहे.

आईचा मात्र असला कुठलाच हिशेब नाही. तिचं माहेर परुळ्याचं. ज्या सड्यावर ती लहानपणी गुरांमागे फिरली तिथे आता धावपट्टी आहे, आणि एकदा तरी तिथूनच उडायचं असं तिने ठरवून ठेवलंय. मोपा नको, सांबरा तर नकोच. तिकिटाचे पैसे पेन्शनमधून बाजूला काढलेत. कुठल्या गावाला जायचं असं मुलीने विचारलं तर म्हणाली, ‘खंयचाय विमान चलात गो. खंय जाता ता मगे बघू.’