खिडकीतला तलाव, बांधावरचा हुरडा

८ जानेवारी, सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव

पक्षी बघायला निघालेली आमची मुक्कामाची गाडी काल रात्रीच काठाला लावली. अंधारात लावलेली गाडी पक्ष्यांना उजाडल्यावर तिथलीच वाटते. सकाळी सात वाजता घरघरत आलेल्या गाडीला पाहून मात्र थापट्या आणि तलवार बदकं सरकत सरकत पाण्याच्या मध्यावर जातात, ती लवकर परतत नाहीत. जागा निवडताना सूर्य पाठीशी येईल असा काठ घ्यावा. उन्हाकडे तोंड केलं तर प्रत्येक बदक काळंच दिसतं.

पक्षी थांबलेल्या गाडीला फारसे बिचकत नाहीत, उभ्या माणसाला बिचकतात. म्हणून दार उघडायचं नाही. पाण्याकडची एकच खिडकी उघडायची आणि मागच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे लावायचे. दोन्हीकडून उजेड आरपार आला की आतल्या माणसाची हालचाल बाहेर स्पष्ट दिसते. ही चूक नवीन माणूस हमखास करतो आणि दोष गाडीच्या रंगाला देतो.

साठीनंतर ८ बाय ४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण बरी. १० पटीची हातात थरथरते. टेकवायला जुन्या पँटच्या पायाची पिशवी शिवून त्यात दीड-दोन किलो ज्वारी भरावी. गच्च भरू नये, थोडी सैल राहिली तरच दुर्बीण तीत नीट बसते. वाळू नको, कण भिंगावर जातात. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त पटीची एकनळी दुर्बीण, वापरायचा असेल तर खिडकी अर्धा तास आधी उघडावी. आतली ऊबदार हवा बाहेर जाताना चित्र हलतं. दहानंतर पाण्यावर झळा उठतात, तेव्हा कितीही महाग स्कोप असला तरी तो मिटून ठेवावा.

काठाची काळी माती फसवी. वरून पापुद्रा वाळलेला, खाली गाळ तसाच. आधी पायी जाऊन टाच जोरात आपटून बघावी. टाच बुडाली तर चाक बुडणारच. गाडी अडकलीच तर रेस करू नये, चाक जागच्या जागी फिरून आणखी खोल जातं. टायरची हवा थोडी कमी करावी, चाकापुढे गोणपाट टाकावं आणि गाडी हळू बाहेर काढावी. हवा परत भरल्याशिवाय महामार्गाला लागू नये.

१० जानेवारी, नान्नजजवळ

१९७९ साली जाहीर झालेलं माळढोक अभयारण्य हेच. माळढोक बघायचाच, असा हट्ट धरून येऊ नये. तो आता अतिशय दुर्मीळ आहे. जड अंगाचा, समोरचं कमी दिसणारा हा पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो, आणि मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. ही हानी बघून जीव तुटतो. पण हे गवत रिकामं नाही. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी, काळवीट आणि हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी इथे असतात. भोवत्या संध्याकाळी गवतातच जमिनीवर मुक्कामाला उतरतात, म्हणून दिवेलागणीनंतर हेडलाइट गवतावर पडू देऊ नये आणि चाकोरी सोडू नये. मुक्काम अभयारण्याबाहेर, शेतमालकाला विचारूनच.

ते विचारणं महत्त्वाचं. "अण्णा, रात्री इथं गाडी लावली तर चालेल का?" एवढं विचारलं की उत्तर बहुतेक "चालतंय की" असंच येतं, आणि ओळखही तिथूनच सुरू होते. जनावरांची वाट आणि मोटारीची केबल सोडून गाडी लावावी. मेंढपाळाच्या वाड्यापासून दूर राहावं, राखणीची कुत्री अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत. दुर्बीण आधी पोरांच्या हातात द्यावी, पट्टा मात्र गळ्यात घालूनच. मग आजोबाही बघतात आणि पाखरं रोज कुठं उतरतात ते सांगतात. हे नकाशात सापडत नाही.

जानेवारीत हुरड्याला बोलावणं आलं तर नाही म्हणू नये. आगटीत भाजलेली मालदांडी ज्वारीची कोवळी कणसं, शेंगाची चटणी, गूळ. आपण काय द्यावं? कडक भाकरी तर त्यांच्याकडेच आपल्यापेक्षा चांगली असते. त्यांचा फोटो काढून पुढच्या फेरीत छापून द्यावा. हे बहुतेक लोक विसरतात, आणि जो आठवणीने आणतो त्याला पुढच्या वर्षीही जागा मिळते.

या आठवड्यात सोलापूर शहरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे. सिद्धेश्वर तलावाकडे मोठी गाडी नेऊ नये.

१७ जानेवारी, उजनीच्या वाटेवर

सोलापूर-पुणे महामार्गाने उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. पाणी ओसरून चिखल उघडा पडू लागला की रोहित (फ्लेमिंगो) येतात. धरण तुडुंब असताना त्यांना चरायला उथळ जागाच नसते. पट्टकदंब हंस मात्र पिकांतही चरतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, ओळखायला अगदी सोपे. नावाड्याशी भाडं आणि वेळ आधी ठरवावी, आणि थव्याच्या जवळ जायचा आग्रह धरू नये. थवा उडवून काढलेल्या फोटोला आम्ही किंमत देत नाही.

गाडीतली १०० अँपिअर-अवर बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये. फ्रिज रात्री बंद केला तर दोन रात्री निभतात. पाणी दोघांना दिवसाला १२ लिटर, आंघोळ सोडून.